आंतरजालावरील लेखाचा पत्ता आणि मराठी स्थलनाम : कर्जत–खालापूर परिसराच्या आधारे एक परीक्षण

आंतरजालावर आपले लेखन प्रसिद्ध करणाऱ्यास जे अनेक निर्णय घ्यावे लागतात, त्यांत लेखाच्या पत्त्याची रचना हा बहुधा सर्वांत कमी विचाराने घेतला जाणारा निर्णय होय. शीर्षक पुन्हा पुन्हा पारखले जाते, छायाचित्रांची निवड काळजीपूर्वक होते. पत्ता मात्र यंत्राकडून जसा मिळेल तसा स्वीकारला जातो. पुढे केव्हा तरी लेख शोधणाऱ्यास सापडत नाही अशी तक्रार उद्भवते, आणि मग ‘शोधसुलभ’ पत्ता कसा असावा याविषयीच्या तयार उपदेशाचा आधार घेतला जातो. हा उपदेश मुख्यतः इंग्रजी लेखनाच्या अनुभवातून सिद्ध झालेला आहे. तो मराठीस, आणि त्यांतही मराठी स्थलनामांस, कितपत लागू पडतो हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन अंतर्भागातील तालुके निवडले आहेत. किल्ले, लेणी, भातशेती, आदिवासी वाड्या, रेल्वेची स्थानके आणि पावसाळी पर्यटन या सर्व विषयांवर या भागासंबंधी मराठीत विपुल लिहिले जाते; शिवाय पत्त्याच्या प्रश्नातील बहुतेक अडचणी येथील नावांमध्ये एकत्र आढळतात.

प्रथम पत्त्याच्या घटकांची ओळख करून घेणे इष्ट होईल. संकेतस्थळाचे नाव हा पत्त्याचा पहिला भाग. तो एकदा घेतला की सहसा बदलत नाही. त्यानंतर तिरप्या रेघांनी विभागलेला मार्ग येतो. त्यात वर्ष, महिना, विषयवर्ग यांपैकी काही असेल किंवा नसेलही. सर्वांत शेवटी त्या विशिष्ट लेखाचा निर्देश करणारा शब्दसमूह असतो. या शेवटच्या भागास येथे ‘नामखंड’ असे म्हटले आहे, कारण तो खरोखर लेखाचे नावच असतो. अनुदिनी, म्हणजे ज्यास आपण सर्रास ब्लॉग म्हणतो, ती लिहिणाऱ्याच्या हाती प्रामुख्याने दोनच गोष्टी असतात : मार्गात काय ठेवावे आणि नामखंड कसा करावा.

प्रचलित उपदेशाचा सारांश असा देता येईल. पत्त्यात क्रमांकाऐवजी अर्थपूर्ण शब्द असावेत. ते शीर्षकातून घ्यावेत. शब्दांमध्ये अधोरेघ न घालता संयोगचिन्ह घालावे. किरकोळ शब्द गाळावेत. तारीख शक्यतो टाळावी. पत्ता लहान ठेवावा. यांपैकी एकही सूचना चुकीची नाही. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की, शीर्षकातील शब्द, शोधणाऱ्याने टंकलेला शब्द आणि वस्तूचे नाव ही तिन्ही एकाच रूपात आढळतात. इंग्रजीत हे गृहीत बऱ्याच अंशी टिकते. मराठीत ते पहिल्याच पावलास डळमळते.

इंग्रजीत स्थलनामापूर्वी शब्दयोगी अव्यय वेगळे लिहिले जाते, त्यामुळे संयोगचिन्हांनी शब्द तोडले असता नाव आपोआप सुटे होते आणि किरकोळ शब्द गाळणे ही केवळ यांत्रिक क्रिया ठरते. मराठीत संबंध दाखविणारा प्रत्यय नावाच्या सामान्यरूपास चिकटतो, आणि सामान्यरूप होताना नावाचे अंग पुष्कळदा बदलते. ‘खालापूर’ या नावातील उपान्त्य दीर्घ ऊकार ‘खालापुरातील’ या रूपात ह्रस्व होतो. ‘कोंडाणे’ या गावाचे ‘कोंडाण्याची लेणी’ असे रूप होते. ‘कशेळे’ याचे ‘कशेळ्याचा बाजार’. या शीर्षकांतून नामखंड तयार केल्यास पत्त्यात गावाचे नाव उरतच नाही, त्याचे केवळ एक विकारी रूप उरते. गाळण्याजोगा किरकोळ शब्द येथे नावाच्या पोटात शिरलेला असतो. खालापूर तालुक्यातील ‘चौक’ या गावाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ‘चौकातील पाऊस’ असे शीर्षक वाचून त्यात एखाद्या गावाचा उल्लेख आहे हे त्या परिसराबाहेरील कोणासही कळणार नाही. शोधयंत्रे अलीकडे प्रत्ययान्त रूपे बऱ्याच प्रमाणात ओळखतात हे खरे. तथापि पत्ता यंत्राबरोबर माणूसही वाचतो, आणि वर्षानंतर तो आठवून लिहिण्याचा प्रयत्नही माणूसच करतो. शीर्षकातून पत्ता घ्यावा हा नियम म्हणून मराठीत सुधारून घ्यावा लागेल : शीर्षकातील नाम मूळ रूपात आणून, प्रत्यय टाकूनच ते नामखंडात घातले पाहिजे. कोशकार शब्दाची नोंद ज्या रूपात करतो तेच रूप येथेही योग्य होय.

लेखक जेथे हा निर्णय घेत नाही तेथे यंत्र घेते, आणि ते कसा घेते हे पाहण्यासारखे आहे. ब्लॉगर या सेवेत देवनागरी शीर्षकातून यंत्रास नामखंड करता येत नाही. त्यामुळे लेखाचा विषय काहीही असला तरी पत्त्यात वर्ष, महिना आणि त्यापुढे ‘ब्लॉग-पोस्ट’ एवढेच रोमन शब्द येतात; दुसऱ्या लेखास त्याच शब्दांपुढे एखादा अंक जोडला जातो. पत्ता स्वतः ठरविण्याची सोय या सेवेने २०१२ मध्ये दिली, परंतु तीत केवळ रोमन अक्षरे, अंक आणि दोन-तीन चिन्हेच चालतात. परिणामी तेथे लिहिलेल्या असंख्य मराठी लेखांची नावे एकच आहेत, फरक फक्त अंकांचा. एखाद्या शाळेत सर्व मुलांची नावे ‘विद्यार्थी’ अशी नोंदवून पुढे हजेरीचा क्रमांक लिहावा, तसा हा प्रकार झाला.

वर्डप्रेसची रीत याच्या उलट आहे. ती प्रणाली देवनागरी शीर्षक जसेच्या तसे नामखंडात घेते. हे वरकरणी आदराचे वाटते. परंतु त्यात एक अडचण दडलेली आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरांक अशा तिहेरी रूपात लिहिला जातो. म्हणजे देवनागरीतील एका चिन्हास नऊ जागा लागतात. येथे काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. वर्डप्रेस नामखंडास एकंदर २०० जागा देते. इंग्रजी शीर्षकास त्या भरपूर होतात. देवनागरीत त्या सुमारे बावीस चिन्हांतच संपतात, आणि उरलेला भाग कोणतीही सूचना न देता कापला जातो. ‘खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीची लढाई’ हे शीर्षक घेऊन मोजणी केल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. ‘खालापूर’ची सात आणि ‘तालुक्यातील’ची अकरा मिळून अठरा चिन्हे १६२ जागा व्यापतात, शब्दांमधील दोन मोकळ्या जागा धरून १६४ होतात, उरलेल्या ३६ जागांत आणखी चारच चिन्हे मावतात. त्यामुळे नामखंड ‘खालापूर-तालुक्यातील-उंबर’ येथे थांबतो. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानास ज्या खिंडीत अडविले, ती खिंडच पत्त्यातून नाहीशी होते आणि केवळ झाड उरते. जो शब्द पत्त्यात असणे अवश्य तोच शेवटी आला, आणि ‘तालुक्यातील’ हा तुलनेने निरुपयोगी शब्द ९९ जागा अडवून बसला. शीर्षक उलट क्रमाने लिहिले असते तर हा अपघात टळला असता. परंतु मराठी वाक्यरचनेत विशेषण आधी आणि विशेष्य नंतर हाच स्वाभाविक क्रम असल्यामुळे तो वारंवार घडणारच.

याच प्रणालीची आणखी एक रीत उल्लेखनीय आहे. एकच नामखंड दोन लेखांस आला, तर ती दुसऱ्यास ‘-२’, तिसऱ्यास ‘-३’ असे अंक जोडते. आता कर्जत येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या भाताच्या जातींची नावे ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशीच आहेत. कर्जतसंबंधी नुसत्या ‘कर्जत’ या रोमन नामखंडाचे दोन लेख लिहून झाल्यावर तिसऱ्यास जो पत्ता मिळेल तो भाताच्या एका सुप्रसिद्ध जातीचा असेल. असो. उदाहरण गमतीचे असले तरी त्यातील दोष खरा आहे : यंत्राने भेद दाखविण्यासाठी जोडलेला अंक आणि नावातच असलेला अंक यांत पत्ता फरक करू शकत नाही.

येथून लिपीचा प्रश्न उपस्थित होतो. नामखंड देवनागरीत असावा की रोमन लिपीत? हा वाद बहुधा भाषाभिमानाच्या पातळीवर केला जातो, आणि तेथे त्याचा निर्णय लागत नाही. वस्तुस्थिती पाहता शोधयंत्रांना दोन्ही लिपी सारख्याच वाचता येतात. गूगलच्या मार्गदर्शनातही वाचकांच्या भाषेतील शब्द पत्त्यात वापरण्यास अनुकूलताच दर्शविली आहे. अडचण यंत्राची नसून देवाणघेवाणीची आहे. ब्राउझरच्या पट्टीत ‘इर्शाळवाडी’ असे स्वच्छ दिसणारे नाव उचलून संदेशात चिकटविले की त्याच्या जागी पुष्कळदा टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली नव्वद जागांची ओळ येते. ती वाचता येत नाही, तोंडाने सांगता येत नाही, छापील पानावर देता येत नाही. ‘कर्जत’ या लहानशा नावाच्या सुद्धा पंचेचाळीस जागा होतात. रोमन लिपीत ते सहा अक्षरांत मावते. २०१४ पासून ‘.भारत’ या प्रत्ययाने संकेतस्थळाचे नावही देवनागरीत घेता येते. परंतु ते नामखंडाहून निराळ्या संकेतनाने साठविले जात असल्यामुळे त्याचा येथे अधिक विचार केलेला नाही.

देवनागरी पत्त्याची दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे आणि ती मराठीत विशेष जाणवते. मराठीत ‘दऱ्या’, ‘वाऱ्याचा’ यांसारख्या शब्दांत येणारा अर्धा ऱ्हस्व-उच्चारी रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो : एकदा नुक्ता असलेल्या रकाराने व हलन्तचिन्हाने, आणि एकदा साध्या रकार, हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच दिसतात. पत्ता म्हणून ती दोन भिन्न आहेत. सह्याद्रीच्या दऱ्यांविषयी लिहिणाऱ्यास हा शब्द टाळता येणे कठीण, आणि कोणत्या कळफलकाने कोणते रूप उमटले हे त्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. याखेरीज ‘खालापूर’ आणि ‘खालापुर’ यांतील ह्रस्वदीर्घाचा भेदही देवनागरी पत्त्यात दोन पत्ते निर्माण करतो. मराठी विकिपीडियाने देवनागरी पत्ते यशस्वीपणे वापरले आहेत असा प्रतिवाद येथे संभवतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तेथील पाने एकेका नावाची असल्यामुळे पत्ते स्वभावतःच आखूड असतात, आणि निराळ्या लेखनरूपांवरून मूळ पानाकडे नेणारी पुनर्निर्देशने अनेकांच्या श्रमातून उभी राहतात. एकट्याने अनुदिनी लिहिणाऱ्याजवळ असे साह्य नसते.

रोमन लिपी मात्र या प्रश्नांचे उत्तर आहे असे समजणे भोळेपणाचे ठरेल. तिच्यात ‘ल’ आणि ‘ळ’ एक होतात, ‘ड’ आणि ‘द’ एक होतात, ह्रस्वदीर्घ नाहीसे होते. यांपैकी शेवटचा लोप पत्त्यापुरता लाभदायकच होय. ‘खालापूर’ कसेही लिहिले तरी रोमन रूप एकच येते. परंतु जेथे लोप पावलेला भेद अर्थाचा असतो तेथे गोंधळ उडतो. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यात असलेली प्राचीन बौद्ध लेणी ‘कोंडाणे’ गावाच्या नावाने ओळखली जातात. पुण्याजवळील सिंहगडाचे जुने नाव ‘कोंढाणा’ असे आहे. मराठीत या दोन नावांत ‘ड’–‘ढ’चा आणि अन्त्य स्वराचा भेद आहे. रोमन लेखनात लेण्यांस सर्रास ‘कोंडाना’ असे लिहिले जाते, आणि किल्ल्याचे नाव लिहितानाही महाप्राण दाखविणारे अक्षर पुष्कळदा गळते. लेणी शोधणाऱ्यास किल्ला मिळतो तो या वाटेने. येथे नामखंडात ‘लेणी’ हा शब्द असणे शोभेसाठी नसून अर्थासाठी अवश्य आहे, आणि ‘किरकोळ शब्द गाळा’ हा उपदेश अविचाराने पाळल्यास तोच शब्द बळी जाण्याचा संभव आहे.

उलट दिशेनेही असाच पसारा आहे. एका मराठी नावास रोमन लिपीत अनेक रूपे मिळतात. ‘उंबरखिंड’ यातील दुसऱ्या अक्षराचा स्वर कोणी ‘ए’ने, कोणी ‘इ’ने लिहितो, ‘वाडी’चा आरंभ दोन तऱ्हेने होतो, ‘गड’ हा शब्द तर तीन प्रकारे लिहिलेला आढळतो. कर्जत–खोपोली मार्गावरील ‘लौजी’ स्थानकाचे रेल्वेचे रोमन रूप ‘एल-ओ-डब्ल्यू-जे-ई-ई’ असे आहे. आज कोणी उच्चारावरून लिहू लागल्यास ते सुचणे अशक्य. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोहोचला, तेव्हाच्या इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव ‘सी-ए-एम-पी-ओ-ओ-एल-आय-ई’ असे लिहिले जाई. ते रूप आज सर्वथा मृत आहे, आणि ‘लौजी’चे तितकेच विचित्र रूप मात्र स्थानकाच्या फलकावर टिकून आहे. यावरून रोमन रूपाच्या निवडीचा निकष ठरविता येतो. नियमबद्ध लिप्यंतर हे शास्त्रदृष्ट्या निर्दोष असले, तरी पत्त्यासाठी रूढ रूपच प्रमाण मानले पाहिजे. आणि रूढी म्हणजे ज्या रूपाशी आजचा वाचक प्रत्यक्ष व्यवहार करतो ती. रेल्वेच्या गावास रेल्वेचे रूप घ्यावे, मग ते कितीही आडवळणी असो. ज्या वाडीस अशी रूढी नाही तिच्यासाठी हंटरप्रणीत पद्धतीचे साधे, स्वरचिन्हविरहित रूप घ्यावे, आणि एका स्थळावर ते सर्वत्र सारखेच ठेवावे. अन्य रूपांची जागा लेखाच्या मजकुरात आहे. तेथे ती एकदा नोंदविली की शोधयंत्र ती वाचते.

आतापर्यंत नावाच्या रूपाचा विचार झाला. नाव बरोबर लिहूनही ते कोणाचे हा प्रश्न उरतोच. ‘कर्जत’ नावाचे तालुके महाराष्ट्रात दोन आहेत, एक कोकणात आणि एक अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. ‘पेठ’ हे कोथळीगडाच्या पायथ्याचे गाव, ज्यावरून त्या गडास ‘पेठचा किल्ला’ म्हणतात; तेच नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव, आणि शिवाय एक सामान्यनाम. ठाकूरवाडी, कातकरवाडी ही नावे तर दोन्ही तालुक्यांत गावोगाव आढळतात. ‘खालापूर’ या नावास दुसरा धनी नसला तरी मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावरील टोल नाक्याने ते इतके व्यापले आहे, की बाहेरील पुष्कळांस ते गावाचे नाव आहे हेही ठाऊक नसते. अशा नावांस भेददर्शक शब्दाची जोड द्यावी लागते हे उघड आहे. सर्वसाधारण उपदेश असा की, त्यासाठी पत्त्याचा मार्गच राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशा उतरत्या क्रमाने रचावा. रचना नीटनेटकी दिसते, विषयवर्गही आपोआप सिद्ध होतात. या उपदेशास मात्र याच भागाचा इतिहास प्रतिकूल साक्ष देतो.

कर्जतचे वर्णन १८८२ च्या शासकीय गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्याच्या खंडात सापडते. पुढे कर्जत कुलाबा जिल्ह्यात आले. १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. गाव जागचे हलले नाही; शंभर वर्षांत त्याच्यावरचे शीर्षक दोनदा बदलले. दुसऱ्या कर्जतच्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले, आणि जिल्ह्याच्या नावाने भेद दाखविणारे पत्ते एका रात्रीत जुने झाले. ‘रायगड’ हे नाव तरी निःसंदिग्ध आहे काय? २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत या जिल्ह्याचे नाव ‘रायगढ’ या हिंदी वळणाने लिहिलेले आहे, आणि छत्तीसगडमधील जिल्ह्याचेही तेच रूप आहे. शिवाय महाराष्ट्रात ‘रायगड’ म्हटले की प्रथम किल्ला आठवतो. म्हणजे जे भेददर्शक म्हणून आणावे तेच पुन्हा भेदाची अपेक्षा करते.

शासकीय उतरंड ही मार्गरचनेसाठी म्हणूनच अयोग्य होय. भेद दाखवावयाचा तर तो नामखंडातच, आणि शक्य तेथे भूगोलाच्या आधारे दाखवावा : कर्जतच्या संदर्भात ‘कोकण’ हा शब्द जिल्ह्याच्या नावापेक्षा अधिक काळ टिकला आहे. वाडीच्या बाबतीत मूळ गावाचे किंवा जवळच्या गडाचे नाव जोडणे बरे. विषयवर्गाचा शब्द मार्गात घालण्याविषयीही हीच शंका घेता येते. आज ‘भटकंती’ या वर्गात असलेला लेख उद्या ‘इतिहास’ या वर्गात हलविला, की पत्ता बदलतो आणि इतरांनी दिलेले दुवे तुटतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, जे बदलू शकते ते पत्त्यात असू नये, आणि विषयानुसार वर्गीकरण हे त्यांनी अशा बदलणाऱ्या गोष्टींतच गणले होते. लेखनिर्मितीची तारीख मात्र कधीच बदलत नाही म्हणून ती त्यांनी पत्त्यास योग्य ठरविली.

तारखेच्या बाबतीत त्यांचे मत आणि आजच्या शोधसल्लागारांचे मत परस्परविरुद्ध आहे. सल्लागार म्हणतात की, तारीख दिसली की लेख शिळा वाटतो. दोन्ही पक्ष एक भेद नजरेआड करतात : लेखनाची तारीख निराळी, विषयाची तारीख निराळी. उंबरखिंडीच्या लढाईवर २०२३ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या पत्त्यात २०२३ हा अंक वाचकास काहीच सांगत नाही. क्वचित दिशाभूलच करतो. कोथळीगडाच्या वाटेचे वर्णन दरवर्षी सुधारले जात असेल तर तेथेही पहिल्या लेखनाचे वर्ष व्यर्थ होय. परंतु घटनेचे वर्ष हा घटनेच्या नावाचाच अंश असू शकतो, आणि तेव्हा ते गाळणे म्हणजे नाव अपुरे ठेवणे. त्याची जागा अर्थातच नामखंडात आहे, मार्गात नाही.

या सर्व चर्चेनंतर असा आक्षेप घेता येईल की, पत्त्यातील शब्दांमुळे शोधातील क्रम खरोखर कितीसा वर जातो? उत्तर निराशाजनक आहे. गूगलच्याच प्राथमिक मार्गदर्शिकेत म्हटल्याप्रमाणे पत्त्यातील शब्दांचा क्रमावर होणारा परिणाम नगण्य असतो. ‘शोधसुलभ पत्ता’ या नावाने जो उपदेश विकला जातो त्याचा मुख्य दावा येथे निकालात निघतो. मग पत्त्याची चिंता का करावी? कारण, क्रम लावणे हे शोधयंत्राचे काम असले, तरी मिळालेल्या दहा दुव्यांतून आपला कोणता हे ओळखणे, तो टिपून ठेवणे, दुसऱ्यास सांगणे आणि काही वर्षांनी तो तेथेच सापडणे ही वाचकाची गरज आहे. ग्रंथालयातील तालिकापत्राचे काम ग्रंथ लोकप्रिय करणे हे नसते. ग्रंथ चुकू नये एवढेच त्याने पाहावयाचे असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ व्यक्ती बेपत्ता राहिल्या, आणि २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. त्या चार दिवसांत या घटनेस किती नावे मिळाली ते पाहिले म्हणजे वरील चर्चा केवळ तांत्रिक नाही हे ध्यानात येते. प्रारंभीच्या वृत्तांत ती ‘रायगडमधील दरड’ होती, कोठे ‘खालापूरची दरड’, कोठे ‘इर्शाळगडची दुर्घटना’. वाडीचे नाव रोमन लिपीत जाताना ‘ळ’चा ‘ल’ झाला, ‘श’चा कोठे ‘स’ झाला, आणि हिंदी वृत्तांतून ते परत देवनागरीत आले तेव्हा ‘इरशालवाडी’ होऊन आले. परक्या लेखणीतून फिरून आलेले हेच रूप पुढे मराठीतही क्वचित दिसू लागले. ज्या वस्तीचे नाव तिच्या पंचक्रोशीबाहेर त्या दिवसापर्यंत फारसे कोणी लिहिले नव्हते, तिचे नाव सर्वत्र लिहिले गेले ते असे.

‘रायगड-दरड’ असा पत्ता त्या दिवशी पुरेसा वाटला असेल. परंतु दोनच वर्षांपूर्वी, २२ जुलै २०२१ रोजी, याच जिल्ह्यातील महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली होती, आणि २००५ च्या जुलैमध्येही महाड परिसरात दरडींनी बळी घेतले होते. केवळ जिल्हा आणि घटनेचा प्रकार सांगणारा पत्ता या तिन्हींत भेद करीत नाही. ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एक अंक एवढाच पत्ता असेल तर प्रश्नच मिटला. वस्तीतील अनेक घरे गाडली गेली. त्या रात्रीच्या आणि त्यापूर्वीच्या जीवनाची जी टिपणे स्थानिक लिहिणाऱ्यांनी, डोंगरभटक्यांनी, मदतीस गेलेल्यांनी केली ती आंतरजालावरच विखुरलेली आहेत. उद्या एखाद्या संशोधकास किंवा त्या वाडीतील वाचलेल्या मुलांपैकी कोणास ती हवी झाली, तर ती कोणत्या नावाखाली शोधावयाची?

अशा लेखाचा नामखंड वर ठरविलेल्या निकषांनी रोमन लिपीत ‘इर्शालवाडी-खालापूर-दरड-२०२३’ असा होईल. वाडीचे नाव प्रत्ययरहित आणि प्रथम; तालुक्याचे नाव भेदासाठी, कारण येथे त्याहून स्थिर असा दुसरा शब्द परिसराबाहेरील वाचकास परिचित नाही; घटनेचा प्रकार; आणि घटनेचे वर्ष. मार्गात काहीही नाही. शीर्षक आणि मजकूर देवनागरीत, ‘ळ’सह, आणि मजकुरात एकदा ‘इर्शालवाडी’, ‘इरसालवाडी’, ‘इर्शाळगड’ ही अन्य रूपे नोंदलेली. ज्यांचे जुने लेख निराळ्या पत्त्यावर आहेत त्यांनी ते पत्ते रद्द करू नयेत. जुन्यावरून नव्याकडे नेणारे कायमचे पुनर्निर्देशन ठेवावे, कारण त्या पत्त्यांचे दुवे इतरांनी आपल्या लेखांत दिलेले असतात. यातील ‘दरड’ हा शब्दही अनावश्यक समजून गाळू नये. आपद्ग्रस्त कुटुंबांसाठी चौक परिसरात नवी वसाहत उभारण्यात आली आहे, आणि लोक तिलाही इर्शाळवाडी म्हणू लागले तर गडाखालची वाडी आणि ही वसाहत यांत पत्त्याच्या पातळीवर भेद राखणारा तेवढाच एक शब्द शिल्लक राहतो.